सांभाळूनच्या नावची नोटीस

ते भांडण मी ऐकलं तेव्हा माझ्या हातात भावाचा डबा होता आणि आत जावं की बाहेरच थांबावं ते कळत नव्हतं. काचेच्या दुकानाच्या मागच्या अंगाला पत्र्याचं दार होतं, त्याला टेकून मी उभी. आत दुकानाचे म्हातारे मालक आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ तेव्हा सत्तावीस वर्षांचा, गाडीवर लागून जेमतेम आठवडा झालेला. तो म्हणत होता की गाडीचा वेगाचा काटा बंद आहे, तो आधी दुरुस्त करा, नाहीतर मी गाडी बाहेर काढणार नाही. आठवड्याच्या नोकराच्या तोंडी हे शोभत नाही, हे मला दाराबाहेर उभं राहूनही समजत होतं.

मालक आधी हसले, मग चढले. दुरुस्तीला खर्च करायचा नाही म्हणून हे म्हातारं नाटक करतंय असा मला संशय आला, आणि तो संशय माझा अजून पुरता गेलेला नाही.

"तू काट्याकडे बघत बसलास तर काचेकडे कोण बघणार?" मालक म्हणाले. "काचेचं ऐक. किती पळवायचं ते ती सांगते."

भावानं विचारलं, काच कशी सांगेल? तेव्हा मालकांनी त्याला गाडीत घातलं, स्वतः शेजारी बसले आणि दोघं गेले. मी डबा धरून तिथंच. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा डबा गार झाला होता आणि भांडणही. त्यानंतर भावानं काट्याचं नाव काढलं नाही. पुढं चौतीस वर्षांत दुकानाच्या तीन गाड्या बदलल्या. प्रत्येक नव्या गाडीत चांगला चालता काटा होता, आणि प्रत्येक वेळी यानं जुन्या ब्लँकेटचा चौकोनी तुकडा कापून त्या काट्यावर चिकटवला.

काच नेणाऱ्या गाडीत आतल्या बाजूला एक तिरकी लोखंडी चौकट असते. काचा तिच्यावर उभ्या टेकवतात, मध्ये मध्ये ब्लँकेटं घालतात आणि पट्ट्यानं आवळतात. कितीही आवळल्या तरी त्या थोड्या हलतातच. भावाचं म्हणणं असं की गाडी हळू असली की काच कुजबुजते, वेग वाढला की बोलायला लागते, आणि त्याच्याही वर गेलं की भांडते. कुजबुजते तोवर ठीक. बोलायला लागली की पाय उचलायचा. भांडेपर्यंत त्यानं तिला कधी जाऊ दिलं नाही. माल उतरवून रिकामं परत येतानाही ऐकायला काहीतरी हवं, म्हणून एक जुनी, कोपरा उडालेली काच तो कायम चौकटीत ठेवायचा. ती कुणाला विकायची नाही, उतरवायची नाही.

काच उचलताना, वळवताना, टेकवताना तो एकच शब्द म्हणायचा, "सांभाळून." दुसऱ्या टोकाला कुणी असो नसो. म्हणून गल्लीनं त्याचं नावच सांभाळून ठेवलं. त्याच्या मागं अडकलेले लोक हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. माझी भावजय पहिल्या वेळची अडली तेव्हा यानं तिला त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि त्याच चालीनं. पोरगी दवाखान्याच्या पायरीवर झाली नाही एवढंच. ते भावजयीनं अजून मनात ठेवलंय आणि महिन्यातून एकदा तोंडावर आणते.

तर असा हा माणूस. आणि गेल्या वर्षी एका गुरुवारी त्याच्या नावानं वकिलाचं पत्र आलं.

ते दोघं वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. पोस्टमन पत्रं माझ्याकडेच टाकतो. मी चौथीपर्यंत गेलेली, पण छापील अक्षर लागतं मला. पत्रात लिहिलं होतं, आपल्यावर वेगमर्यादा ओलांडल्याचा आरोप असल्याचे समजते, पहिलीच वेळ असल्यास घाबरू नये, दंड भरण्याआधी एकदा भेटावे. खाली सही आणि पत्ता. मी ते दोनदा वाचलं आणि हसत हसत जिना चढले. सांभाळून आणि वेग! मला वाटलं, हा वकील गल्लीत सगळ्यांनाच असली पत्रं टाकत असणार, दहातला एक तरी घाबरून येतोच. म्हणून संध्याकाळी मी दहा घरं फिरून विचारून आले. कुणालाच आलेलं नव्हतं. तेव्हा माझं हसू कमी झालं.

भावाला वाटलं ही लंब्याची मस्करी आहे. लंब्या म्हणजे दुकानाचा दुसरा ड्रायव्हर, उंच, तिशीतला, दुचाकीवर सामान पोचवायचा आणि मोठ्या गाडीवर डोळा ठेवून असायचा. भावजयीनं पत्र उजेडात धरून पाहिलं, पाठीमागून पाहिलं, आणि घडी घालून शिवणयंत्राच्या खणात ठेवलं. ती घरी शिवणकाम करते. माझ्या डोक्यावर दिवसभर ते यंत्र चालतं. ते मध्येच थांबलं की समजावं, बाई विचार करते आहे.

शनिवारी खरी नोटीस आली. दोन आठवड्यांमागचा मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं, नदीकाठचा रुंद रस्ता. मर्यादा पन्नासची, गाडीचा वेग एकाहत्तर. एकवीस दिवसांत दंड भरा किंवा हरकत घ्या. आणि बरोबर फोटो. गाडी दुकानाचीच, नंबर स्वच्छ दिसत होता. स्टिअरिंगमागं भाऊ, दोन्ही हात जागेवर, चेहरा अगदी निवांत. आणि त्याच्या शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलेलं. तपकिरी शाल घेतलेलं, मान जरा खाली घातलेली, पट्टा बांधलेला.

वर यंत्र थांबलं ते अर्धा तास सुरू झालं नाही. मग मीच वर गेले.

भाऊ खुर्चीत, भावजय यंत्रापाशी, मध्ये फोटो. भाऊ म्हणत होता की मी जन्मात पन्नासच्या वर गेलेलो नाही, हा आकडा खोटा आहे, आणि शेजारी ती ब्लँकेटं आहेत, गुंडाळी करून ठेवलेली. भावजयीनं विचारलं की ब्लँकेटांना पट्टा बांधतात का. तो म्हणाला, सीटवर वजन ठेवून पट्टा बांधला नाही तर ही नवी गाडी पीं पीं करत राहते, काचेचं ऐकू येत नाही. हे खरं असेलही. पण ज्या तोंडानं त्यानं ते सांगितलं ते तोंड पकडलं गेलेल्या माणसाचं होतं.

भावजय म्हणाली, "माझ्या वेळेला पळवली नाहीत. मग आता कुणासाठी पळवलीत?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. खरं सांगायचं तर मलाही त्यात खांदा दिसला.

सोमवारी तो दुकानात गेला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. दुकान आता म्हाताऱ्या मालकांची नात चालवते. तिला सगळे मालकीणबाई म्हणतात, वय पस्तीस असेल. गाडी दुकानाच्या नावावर, म्हणून पहिलं पत्र तिच्याकडे आलं होतं की त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते कळवा. तिनं भावाचं नाव लिहून दिलं होतं. आठवडा झाला होता त्याला. रोज सकाळी ती त्याला चावी देत होती, चहा झाला का काका विचारत होती, आणि यातलं अक्षर बोलली नव्हती.

भावानं तिला विचारलं तर म्हणाली, मी वाट बघत होते तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून. म्हणजे ती याच्यावर संशय घेऊन गप्प, आणि याला मुळात काही माहीतच नाही. मग तिनं विम्याचा कागद काढून दाखवला. काचेच्या गाडीचा विमा मोठा असतो. ज्याच्या लायसनवर वेगाचा डाग आहे त्याला दोन वर्षं ती गाडी चालवता येत नाही, चालवली तर विमा जातो. तिनं साफ सांगितलं की डाग लागला तर चावी द्यावी लागेल, नाही लागला तर चावी तुमचीच. भाऊ एकसष्टचा. दोन वर्षांनी त्याला कोण पुन्हा गाडीवर बसवणार? म्हणजे प्रश्न दंडाचा नव्हताच. गाडी राहते की जाते, एवढाच होता.

भावाला वाटलं बाईनं लंब्यासाठी हे सगळं जमवून आणलंय. मला वाटलं नाही असं नाही. लंब्या त्या आठवड्यात गाडी पुसताना दिसला होता, न सांगता.

वकील करायचा की नाही यावर घरात दोन तट पडले. मी विरुद्ध. ज्या माणसाला आपली नोटीस आपल्या आधी कळते तो माणूस आत कुठंतरी मिळालेला असणार, असं माझं मत. भावजय वकिलाच्या बाजूनं. मला नवल वाटलं, कारण ती दमडी सोडणारी नव्हे. मग कळलं की तिनं कुठूनतरी ऐकलं होतं, वकिलानं अर्ज केला की कॅमेऱ्यातला मूळ फोटो मोठा करून मिळतो. तिला तो फोटो हवा होता. गाडी राहो न राहो, शाल कुणाची ते तिला बघायचं होतं. भाऊ बिचारा दोघींच्या मध्ये. त्याला फक्त एवढंच वाटत होतं की कुणीतरी सरकारी माणसानं म्हणावं, हा एकाहत्तर आकडा चुकला आहे.

शेवटी जाऊन तर बघू असं ठरलं, आणि मी बरोबर गेले. नुसतं बोलून येणं आणि सही करून येणं यात फरक असतो, आणि भाऊ समोरच्याला वाईट वाटू नये म्हणूनही सही करणारा आहे.

वकिलाचं ऑफिस चपलांच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर. एक खोली, तीन खुर्च्या, कपाटात एकसारख्या लाल पुठ्ठ्याची पुस्तकं. एवढी सारखी की कुणी कधी काढून वाचली असतील असं वाटेना. टेबलावर पारदर्शक तक्ता, त्याखाली कार्डं आणि एक कॅलेंडर. वकील माझ्या अंदाजापेक्षा तरुण निघाला. मी बसायच्या आधीच विचारलं की आमची नोटीस तुम्हाला आधी कशी कळली. तो काही गडबडला नाही. म्हणाला, आजी, वाहतूक कचेरीच्या बाहेर फळ्यावर रोज यादी लागते, नोटिसा टपालात पडायच्या आधी. माझा कारकून सकाळी जाऊन ती उतरवून आणतो. कुणीही जाऊन वाचू शकतं. एवढ्या सरळ उत्तरानं माझी पंचाईत झाली. मी पिशवी मांडीवर घेतली आणि फी किती ते विचारलं. ती ऐकून पिशवीचे बंद धरले.

वकिलानं नोटीस पाहिली, फोटो पाहिला. पहिल्यांदाच मोठ्या गाडीवर नोटीस, चौतीस वर्षं कोरं लायसन, हे चांगलं आहे म्हणाला. त्याचं म्हणणं असं की त्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्याची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हायला हवी, आणि त्या खात्याकडे कागद वेळेवर सापडतच नाहीत. आपण कागद मागायचा. कागद आला नाही की नोटीस रद्द. मग त्यानं विचारलं, तुमच्या काट्यावर किती दिसत होतं?

मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं ब्लँकेटच्या तुकड्याचं सांगितलं, म्हाताऱ्या मालकांपासून.

वकील खुर्चीत मागं टेकला. थोडा वेळ त्याला हसावं की काय करावं ते समजेना. म्हणाला, हे या खोलीच्या बाहेर कुणाला सांगू नका, आणि तो तुकडा आजच काढून टाका. मग त्यानं फोटो पुन्हा जवळ ओढला आणि बोट ठेवलं. "या शेजारी कोण आहेत? त्यांची साक्ष घेता येईल."

"कुणी नाही," भाऊ म्हणाला. "ती ब्लँकेटं आहेत."

मी म्हटलं, "ब्लँकेटं तर मागं काचांमध्ये असतात. ती पुढं कशाला आणली होतीस?"

"मागं लागली नाहीत म्हणून."

"का लागली नाहीत?"

"काच नव्हती ना मागं."

मग वकिलानं विचारलं की काच नव्हती तर काय होतं. भावानं खिशातून पोच देण्याचं पुस्तक काढलं आणि मंगळवारचं पान उघडलं. दोन मोठे तक्ते, कसल्याशा बँकेच्या काउंटरसाठी. काचेचे नव्हेत, प्लॅस्टिकचे, आरपार दिसणारे. मालकीणबाईनं नव्यानंच ठेवायला सुरुवात केलेला माल, आणि भावानं नेलेली ती पहिलीच खेप. त्यांना दोन्ही अंगांनी कागद चिकटवूनच येतो, म्हणून ब्लँकेटं लागत नाहीत. आणि जुनी काच? ती त्या दिवशी मालकीणबाईनं उतरवायला लावली होती. प्लॅस्टिकवर चरे पडतात म्हणून.

मला त्या मंगळवारची दुपार आठवली. भाऊ जेवायला आला होता तो खुशीत. हात धुता धुता म्हणाला होता की ताई, आज असा माल नेला, हूं नाही की चूं नाही, एवढा सुखाचा रस्ता मला कधी लागला नव्हता. मी त्याला आमटी वाढत होते आणि फार लक्ष दिलं नव्हतं.

भाऊ टेबलावरच्या तक्त्याकडे बघत होता. काच दिसली की नखानं वाजवून बघायची त्याला सवयच आहे, कुणाच्या घरी जेवायला गेला तरी कपाटाच्या काचा वाजवून येतो. त्यानं नखानं तक्ता वाजवला. ठक. काचेचा नाद नाही, नुसतं ठक. त्यानं दुसऱ्या जागी वाजवला. परत ठक. मग त्यानं हात मांडीवर घेतला.

"साहेब," तो म्हणाला, "मी खरंच पळवली होती."

वकिलानं टेबलावरचे कागद सारखे केले. "ते मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "कागद मागू, कागद येणार नाही, नोटीस जाईल. तुम्ही काय केलं ते कुणी विचारणारच नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवा."

घरी आल्यावर भावजयीला मी सगळं सांगितलं, शाल म्हणजे ब्लँकेटं आणि ती का पुढं होती ते नीट समजावून. तिनं फोटो पुन्हा काढला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाली, वन्सं, ब्लँकेटाला मान कशी हो? पण आवाजातला जोर गेला होता. आणि त्याच संध्याकाळी तिनं पक्ष बदलला. आता वकील कशाला, म्हणे, उगाच खर्च. तिला बघायचा होता तो फोटो आता नको होता.

पक्ष मीही बदलला. वकील लबाड आहे असं मला अजूनही वाटत होतं, पण आता मला वाटलं की असला तर असू दे, आपल्या बाजूनं लबाड असेल. चौतीस वर्षं माणसानं पाय उचलून गाडी चालवली. एका मंगळवारी त्याला कुणी सांगितलं नाही की आज गाडीत बोलणारं कुणी नाही. त्यासाठी त्याची चावी जावी? मी म्हटलं, कर वकील, घे गाडी.

भाऊ हो म्हणेना, नाही म्हणेना. रविवारी तो गाडी धुवायला दुकानात जातो. त्या रविवारी मला म्हणाला, ताई, चल बरोबर, तुझं थोडं काम आहे.

त्यानं दोन काचा चौकटीत टेकवल्या, मध्ये ब्लँकेटं घातली, जुनी काच शेवटी. मला शेजारी बसवून पट्टा बांधला. आणि मग, मी कधी पाहिलं नव्हतं असं, त्यानं काट्यावरचा ब्लँकेटचा तुकडा वरच्या दोन कोपऱ्यांनी सोडवला, खालची बाजू चिकटलेली ठेवली. मला म्हणाला, मी सांगेन तेव्हा झाकण खाली कर आणि वाच. मी बघणार नाही.

नदीकाठचा रस्ता रविवारी मोकळा असतो. काच कुजबुजायला लागली. तो म्हणाला, वाच. सव्वीस. मग बोलायला लागली, मला पहिल्यांदाच तो फरक कळला, खरोखर दोन बायका जिन्यात बोलतात तसं. वाच म्हणाला. अडतीस. मग त्यानं थोडं आणखी दाबलं आणि मागं किणकिणाट सुरू झाला. सेहेचाळीस. तो इतका खूश झाला की गाडी बाजूला घेऊन थांबला. म्हणाला, बघ, चौतीस वर्षं पन्नासच्या आत. ऐकून. नुसतं ऐकून.

मग आम्ही दुकानात परत गेलो. त्यानं सगळ्या काचा उतरवल्या, जुनीसुद्धा. ब्लँकेटांची गुंडाळी मागं टाकली. परत त्याच रस्त्याला लागलो. गाडी गुळगुळीत चालली होती, मलाही छान वाटत होतं, खिडकीतून वारा येत होता.

"आता तीस असेल," तो म्हणाला. "फार तर बत्तीस. वाच."

मी तुकडा खाली केला. अठ्ठावन्न.

मी आकडा सांगायच्या आधी त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पाय उचलला.

गाडी लावल्यावर मी म्हटलं, त्यात काय एवढं, तुकडा फेकून दे आणि सगळे बघतात तसं काट्याकडे बघ. वकील नोटीस घालवेल. तो म्हणाला, काट्याकडे बघितलं की मला काचेचं ऐकू येत नाही, करून बघितलंय मी परवा. आणि काच नसली की काट्याकडे बघायचं माझ्या डोक्यातच येत नाही.

"आणि वकिलानं सोडवलं, तरी पुन्हा प्लॅस्टिकच भरणार आहेत गाडीत," तो म्हणाला. "आता निम्मा माल तोच आहे, ताई. गाडी राहील. मी चालवू कशी?"

त्यानं गुरुवारी दंड भरला. वकिलानं दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा कारकुनाकडून करवला. भावानं प्रत्येक वेळी त्याचे आभार मानले. मला अजून एक संशय आहे, तोही सांगून टाकते. मला वाटतं, वकील केला असता तर कुठंतरी, कुणासमोर तरी, ब्लँकेटच्या तुकड्याची गोष्ट निघाली असती आणि लोक हसले असते. स्वतःवर हसलेलं त्यानं चालवून घेतलं असतं. म्हाताऱ्या मालकांवर हसलेलं त्याला चाललं नसतं. मी हे त्याला विचारलं, तर म्हणाला, तू काहीही शोधून काढतेस.

मालकीणबाईनं दंडाची पावती पाहिली. तिला वाटत होतं तो भांडेल. यात काही डाव आहे का असं तिनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, सोमवारपासून कापायच्या टेबलावर या, कापणाऱ्याचे हात थरथरायला लागलेत, तुमचे चांगले आहेत. कापताना काच जी किर्र करते त्यावरून ती सरळ तुटणार की वाकडी ते भावाला आधी कळतं, हे तिला माहीत होतं असं दिसतं. तिनं हे लंब्याला गाडी द्यायची म्हणून केलं, की याला ठेवून घ्यायचं म्हणून, ते मी ठरवू शकलेले नाही. त्या आठवड्यात तिनं लंब्याला बोलावून काहीतरी सांगितलं खरं. लंब्या काटा बघून चालवणारा आहे. बघू.

डाग लायसनवर सोमवारी चढणार होता, म्हणून शनिवारची शेवटची एक फेरी त्याच्याकडेच होती. चढावरच्या एका घराच्या स्वयंपाकघराची खिडकी फुटली होती, तिचं तावदान. मला त्याच बाजूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मी शेजारी बसले. त्यानं माझा पट्टा दोनदा ओढून पाहिला. मागं नवं तावदान, ब्लँकेट, आणि शेवटी जुनी काच. काट्यावरचा तुकडा चारही कोपऱ्यांनी परत चिकटवलेला होता. मी त्याला हात लावला नाही.

चढावर काच कुजबुजत होती. आमच्या मागं चार-पाच गाड्या साचल्या होत्या. एकानं हॉर्न दिला. भावानं आरशात पाहून त्याला पुढं जा अशी खूण केली आणि पाय होता तिथंच ठेवला. घर आलं. दार उघडणाऱ्या बाईला वाटलं आता झटपट होईल, पण यानं आधी गाडीच्या मागच्या चाकाला दगड लावला, मग पट्टा सोडवला, मग ब्लँकेट काढून घडी घातली. बाई दुसरं टोक धरायला आली. त्यानं तावदान नखानं तीन ठिकाणी वाजवून पाहिलं, कान लावला, आणि बरं आहे अशी मान हलवली.

"सांभाळून," तो म्हणाला.

तावदान आत नेऊन भिंतीला टेकवलं. पोच देण्याच्या पुस्तकात बाईची सही घेतली. मग गाडीत येऊन जुनी काच तेवढी मधल्या जागी सरकवली, पट्टा आवळला, आणि मला म्हणाला, डॉक्टरकडे उतरवू की घरी?